संथ लिम्फोमा आणि ‘किती वर्षे?’ हा प्रश्न

सिंगापूरमध्ये बरीच वर्षे राहिलेल्या मंडळींना १९९२ सालचा नोव्हेंबर महिना आठवत असेल. त्यावेळचे पंतप्रधान गो चोक टोंग यांनी त्या महिन्यात जाहीर केले की, आपल्या दोन्ही उपपंतप्रधानांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाला आहे. ली सिएन लूंग तेव्हा ४० वर्षांचे होते. त्यांचा लिम्फोमा मध्यम श्रेणीचा, म्हणजे बऱ्यापैकी वेगाने वाढणारा होता. ओंग टेंग चिओंग ५६ वर्षांचे होते आणि त्यांचा लिम्फोमा खालच्या श्रेणीचा, म्हणजे संथ वाढणारा होता. बातमी ऐकून कोणालाही वाटले असते की त्यातल्या त्यात ओंग यांचे नशीब बरे.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ली यांना केमोथेरपी दिली गेली आणि आजार गेला. ऑगस्ट २००४ ते मे २०२४ अशी जवळजवळ वीस वर्षे ते पंतप्रधान होते. ओंग १९९३ साली देशाचे पहिले लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष झाले, सहा वर्षांची मुदत त्यांनी पूर्ण केली आणि ८ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, लिम्फोमानेच त्यांचे निधन झाले. निदानापासून नऊ वर्षांहून थोडा अधिक काळ. त्या नऊ वर्षांत एक निवडणूक आणि राष्ट्राध्यक्षपदाची पूर्ण कारकीर्द बसली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. पण या दोन कहाण्यांमध्ये लिम्फोमाच्या दोन जातींचा स्वभाव नेमका उतरला आहे. वेगवान लिम्फोमा पहिल्या दोन-तीन वर्षांत काय तो निकाल लावतो. औषधाने पूर्ण गेला तर बहुधा कायमचा जातो. संथ लिम्फोमा औषधाने दबतो, काही वर्षांनी डोके वर काढतो, पुन्हा दबतो. तो अगदी सुरुवातीला, एकाच जागी सापडला तर किरणोपचाराने काही जणांचा कायमचा बरा होतो. पण बहुतेकांचा सापडतो तोपर्यंत शरीरात चार ठिकाणी पोहोचलेला असतो. त्यामुळे ‘कॅन्सर आहे पण हळू वाढतो’ हे वाक्य ऐकल्यावर घरात एकदम दोन प्रतिक्रिया उमटतात. कोणी निश्चिंत होतो, कोणी हाय खातो, आणि दोघेही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात: किती वर्षे?

मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आकडेमोडीशी माझा रोजचा संबंध आहे. या प्रश्नाचे जे उत्तर डॉक्टर देतात ते कोठून येते, त्यात काय असते आणि काय नसते, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

संथ लिम्फोमात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा. बहुतेक रुग्णांमध्ये चौदा आणि अठरा या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. त्यामुळे बीसीएल-२ नावाचे प्रथिन पेशीत गरजेपेक्षा जास्त तयार होते. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशी काम झाले की मरतात, तशी त्यांची रचनाच असते. येथे त्या मरत नाहीत, नुसत्या साठत जातात. गळ्यात, काखेत, जांघेत गाठ लागते. दुखत नाही, म्हणून कित्येकदा वर्षभर कोणी लक्षही देत नाही.

आणि मग डॉक्टर सांगतात, सध्या औषध नको, दर तीन महिन्यांनी दाखवायला या. आपल्या लोकांना हे पचत नाही. कॅन्सर आहे म्हणता आणि औषध देत नाही? दुसऱ्या डॉक्टरांकडे, तिसऱ्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात. पण या थांबण्यामागे भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमध्ये ज्यांना आजाराचा काही त्रास होत नव्हता अशा ३०९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटाला लगेच गोळ्यांची केमोथेरपी दिली, दुसऱ्याला त्रास सुरू होईपर्यंत नुसते देखरेखीखाली ठेवले. २००३ साली दीर्घ काळाचे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी शंभरातील सुमारे १९ जणांना तर दहा वर्षांनंतरही केमोथेरपी लागली नव्हती. सत्तरीच्या पुढच्यांमध्ये हे प्रमाण ४० होते.

याच संदर्भात आणखी एक आकडा सांगतो, तो आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९८४ साली सुरुवातीला औषध न दिलेल्या ८३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील १९ जणांच्या गाठी आपोआप लहान झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या होत्या, बहुतेकांच्या काही काळापुरत्या. म्हणजे ‘अमक्यांच्या काढ्याने गाठ विरघळली’ असे कोणी शपथेवर सांगितले तर तो खोटे बोलतो आहे असे मानायचे कारण नाही. गाठ खरोखरच गेली असेल. काढा न घेताही ती गेली असती, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर ‘दहा वर्षांत इतके टक्के’ असे म्हणतात ते ज्या आलेखावरून, त्या आलेखाची पद्धत १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी मांडली. गंमत अशी की, कॅप्लन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांचा प्रश्न समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधील व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात हा होता. मायर यांच्यापुढे कर्करोगाचे रुग्ण होते. अडचण दोघांची सारखीच: हिशेब करायच्या दिवशी बऱ्याच ट्यूब अजून चालू असतात, बरेच रुग्ण अजून हयात असतात. त्यांचे आयुष्य ‘निदान इतके तरी’ एवढेच माहीत असते. ही अर्धवट माहिती फेकून न देता तिचा उपयोग कसा करायचा, हे त्या दोघांनी दाखवले. मला ही हकीकत आवडते, कारण तिच्यातून आलेखाचा खरा अर्थ कळतो. शंभर ट्यूबपैकी पाच वर्षांत किती बंद पडतील हे अभियंता सांगू शकतो. ही समोरची ट्यूब केव्हा बंद पडेल हे सांगू शकत नाही. आयुर्विमा कंपन्यांचा सगळा धंदा याच गोष्टीवर चालतो. पत्रिका बघणारा उलटे करतो, म्हणून तो जास्त आवडतो.

फॉलिक्युलर लिम्फोमासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेला हिशेब म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेला ‘फ्लिपी’ हा निर्देशांक. १९८५ ते १९९२ या काळात निदान झालेल्या ४,१६७ रुग्णांच्या नोंदींवरून तो तयार केला गेला. त्यात पाच प्रश्न आहेत आणि ‘हो’ आले की एक गुण. वय साठच्या वर आहे का? आजार तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर आहे का, म्हणजे पोटाच्या पडद्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे, किंवा अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी पसरला आहे का? हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे का? ग्रंथींची चारपेक्षा जास्त क्षेत्रे सुजली आहेत का? रक्तातील एलडीएच वाढले आहे का? शून्य किंवा एक गुण म्हणजे कमी जोखीम, दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा अधिक म्हणजे जास्त. दहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शंभरात सुमारे ७१, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात ३६ होते.

हे आकडे उलट्या बाजूनेही वाचावेत. चांगल्या म्हटलेल्या गटातील २९ जण दहा वर्षांत गेले, वाईट म्हटलेल्या गटातील ३६ जण राहिले. गट वेगळे आहेत, पण त्यांच्यातली माणसे एकमेकांत बरीच मिसळलेली आहेत.

पुण्यात माझ्या मावशीला २०१९ साली हा आजार निघाला. वय ६४. मावसभावाने रिपोर्ट समोर ठेवून स्वतःच गुण मोजले: वयाचा एक, तिसऱ्या पायरीचा एक, हिमोग्लोबिन ११.४ म्हणून एक. एलडीएच ठीक होते, ग्रंथींची क्षेत्रे तीनच होती. एकूण तीन गुण, जास्त जोखीम. ‘दादा, दहा वर्षांत छत्तीस टक्के म्हणजे आई जाणारच का रे?’ असे त्याने मला फोनवर विचारले. तळेगावचा प्लॉट विकायचे त्याने मनाशी ठरवूनही टाकले होते.

मी त्याला आधी एवढेच विचारले की, आजाराच्या पूर्वी हिमोग्लोबिन किती असायचे? जुन्या फायली काढल्यावर दिसले की दहा वर्षे ते अकराच्या आसपासच होते. येथे थोडे थांबायला हवे. फ्लिपीमध्ये हिमोग्लोबिनला गुण आहे तो आजार अस्थिमज्जेत शिरून रक्त कमी करतो, किंवा एकूण शरीर खंगवतो, याची खूण म्हणून. ज्या रुग्णांवरून तो बनला ते मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील होते. आपल्याकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी असल्यामुळे ज्या बाईचे हिमोग्लोबिन आयुष्यभर अकरा आहे, तिच्याबाबतीत तो गुण लिम्फोमाबद्दल कितपत बोलतो? आमच्या धंद्यात अशी माहिती बिनदिक्कत चालवली तर कार्यक्रम चालतो, उत्तरही येते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते.

मावशीच्या डॉक्टरांपुढे ही शंका ठेवल्यावर त्यांनी लोहाची तपासणी करवली. लोह कमीच होते. त्यांनी गुण खोडला नाही. ते म्हणाले की, उपचार सुरू करायचे की नाही हे मी या गुणांवरून ठरवतच नाही. आणि ही गोष्ट बहुतेक कुटुंबांना माहीत नसते. उपचार केव्हा सुरू करायचे याचे निकष निराळे आहेत. फ्रान्समधील डॉक्टरांच्या एका गटाने घालून दिलेले निकष आजही सर्वत्र वापरले जातात. सात सेंटिमीटरहून मोठी गाठ, किंवा तीन ठिकाणी तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, ताप-घाम-वजन घटणे, पाणथरी बरीच वाढणे, छातीत किंवा पोटात पाणी होणे, आजारामुळे रक्तपेशी कमी होणे, असे त्यांचे स्वरूप आहे. मावशीला यांपैकी काहीच नव्हते. चार वर्षे नुसत्या तपासण्या झाल्या, २०२३ मध्ये गाठी वाढल्यावर औषधाची सहा आवर्तने झाली. प्लॉट आहे तसाच आहे.

फ्लिपीच्या आकड्यांबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे ते रुग्ण १९८५ ते १९९२ मधले. रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले नोव्हेंबर १९९७ मध्ये आणि त्यानंतर या आजाराचे चित्र पालटले. स्टॅनफर्डने १९६० ते २००३ या काळातील १,३३४ रुग्णांचा २०१३ साली आढावा घेतला. जुन्या काळातील रुग्णांचे मध्यक आयुर्मान सुमारे ११ वर्षे होते, म्हणजे निम्मे त्याहून कमी जगले आणि निम्मे जास्त. १९८७ ते १९९६ मध्ये निदान झालेल्यांचे ते १८ वर्षांच्या वर गेले. १९९७ नंतरच्यांचे तर काढताच आले नाही, कारण आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण हयात होते. फ्लिपीने कोण पुढे आणि कोण मागे ही रांग आजही बरी लागते, पण रांगेपुढचे वर्षांचे आकडे जुने झाले आहेत.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. पूर्वी साध्या सीटी स्कॅनवर न दिसणाऱ्या बारीक गाठी आज पेट स्कॅनवर दिसतात. १९८८ साली जो रुग्ण दुसऱ्या पायरीत धरला गेला असता तो आज तिसऱ्या पायरीत जातो. शाळेतील ‘अ’ तुकडीचा शेवटचा मुलगा ‘ब’ तुकडीत टाकला, आणि तो तेथे सरासरीपेक्षा हुशार ठरला, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते, एकाही मुलाने जास्त अभ्यास न करता. पायऱ्यांच्या जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे. तिसरी गोष्ट, या आलेखात मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी तो मोजला जातो. सत्तरीच्या माणसाचे दहा वर्षांचे टक्के वाचताना त्यात हृदयविकार आणि इतर आजारही आहेत.

माझ्या मते या सगळ्यांहून उपयोगी माहिती नंतर मिळते. अमेरिकेतील एका मोठ्या नोंदणीतून ५८८ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना आर-चॉप ही केमोथेरपी मिळाली होती. त्यातील १९ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांच्या आत उलटला आणि त्यांच्यापैकी पुढे पाच वर्षे हयात राहिले ते निम्मेच. ज्यांचा दोन वर्षांत उलटला नाही त्यांच्यात हेच प्रमाण ९० टक्के होते. म्हणजे पहिल्या दिवशी एकाच गटात असलेली माणसे दोन वर्षांनी दोन अगदी भिन्न गटांत विभागली जातात. हवामान खाते एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज देते आणि जूनच्या सुमारास तो सुधारून देते. जुलैमध्ये एप्रिलचा अंदाज उगाळत बसण्यात अर्थ नसतो. निदानाच्या दिवशी ऐकलेला आकडा पाच वर्षांनंतरही मनात धरून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या पाच वर्षांनी त्यांचा आकडा केव्हाच बदललेला असतो.

याच्या उलट बाजूही आहे. दरवर्षी शंभरातील सुमारे दोन ते तीन रुग्णांचा संथ लिम्फोमा वेगवान लिम्फोमात बदलतो. एकच गाठ झपाट्याने वाढली, कारण नसताना ताप किंवा रात्री घाम येऊ लागला, एलडीएच एकदम चढले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. अशा वेळी पुन्हा बायॉप्सी करतात आणि जुने सगळे आकडे बाजूला पडतात.

अलीकडे नवे निर्देशांकही आले आहेत. एकात फक्त दोनच गोष्टी पाहतात, अस्थिमज्जा आणि रक्तातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन; दुसऱ्यात फ्लिपीला सात जनुकांमधील बदलांची जोड दिली आहे. डॉक्टरांना ते उपयोगी आहेत. घरच्यांनी त्यात फार डोके घालू नये असे मला वाटते.

आता थोडे पैशाविषयी. संथ आजारात खर्च एकदम येत नाही, दहा-पंधरा वर्षांत तीन-चार वेळा येतो. त्यामुळे पहिल्याच महिन्यात घर, प्लॉट, मुदत ठेवी मोडण्याची बहुधा गरज नसते. विम्याकडे मात्र त्याच महिन्यात पाहावे. येथील नागरिक आणि पीआर यांना १ नोव्हेंबर २०१५ पासून मेडिशील्ड लाइफ आहे आणि आधीपासूनचा आजारही त्यात धरला जातो. गंभीर आजार आधीच असेल तर दहा वर्षे तीस टक्के जादा हप्ता पडतो. सप्टेंबर २०२२ पासून कर्करोगाच्या औषधांची सरकारी यादी आहे. औषध त्या यादीत आहे का हे आधी विचारावे. एम्प्लॉयमेंट पासवरच्या मंडळींना मेडिशील्ड लाइफ नाही, बहुतेकांचा भार कंपनीच्या विम्यावर असतो. अशा वेळी ‘औषध चालू नाही’ म्हणून आजार नाही असे समजून नोकरी बदलू नये. नव्या विम्याच्या अर्जात देखरेखीखालचा लिम्फोमाही लिहावा लागतो.

गंभीर आजाराची पॉलिसी असेल तर ती नीट वाचा. येथील आयुर्विमा संघटनेच्या प्रमाणित व्याख्येत लिम्फोमा मोठ्या कर्करोगात येतो आणि त्यासाठी बायॉप्सीचा पुरावा लागतो. उपचार सुरू झालेले असण्याची अट नाही. मात्र त्याचाच जवळचा नातेवाईक, सीएलएल नावाचा संथ रक्तकर्करोग, सुरुवातीच्या पायऱ्यांवर असेल तर वगळलेला आहे. आईवडिलांना भेटीच्या पासवर येथे आणून उपचार करायचे तर सरकारी सवलत नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली, तेव्हापासून हे औषध आपल्याकडे पुष्कळ स्वस्त झाले आहे, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घेण्याची सोयही आहे.

डॉक्टरांना ‘किती वर्षे?’ विचारण्याऐवजी मी असे विचारीन: हे टक्के कोणत्या काळातील रुग्णांचे आहेत? आमच्या रिपोर्टमधला कोणता गुण या आजारामुळे आहे आणि कोणता आधीपासूनचा? उपचार सुरू करण्याचा कोणता निकष आज पुरा होतो? आणि पुन्हा हा हिशेब केव्हा करायचा? हे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, कारण आत गेल्यावर आठवत नाही.

सोबत एक फाइल ठेवावी. एलडीएच आणि हिमोग्लोबिन यांच्या तारीखवार नोंदी, निदानाच्या आधीचे जुने रक्त-रिपोर्ट, पहिल्या स्कॅनची सीडी. बायॉप्सीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड कोणत्या प्रयोगशाळेत आहेत ते त्यावर लिहून ठेवावे. दुसऱ्या मतासाठी रिपोर्टपेक्षा ब्लॉकच मागतात, आणि दहा वर्षांनी तो शोधायला प्रयोगशाळेचे नाव तरी हाताशी हवे.